सणाची आरास उतरवून ठेवताना: खान्देशातल्या उन्हाला पुरून उरेल अशी पद्धत

लग्न होऊन अमळनेरजवळच्या गावात आले, त्या पहिल्या वर्षी गणपतीची आणि दिवाळीची सगळी आरास मीच आवरली होती. मखरामागचा जरीचा पडदा, लायटिंगच्या माळा, मोत्यांची तोरणं, उरलेल्या मेणबत्त्या, सगळं एकाच खोक्यात भरलं, वर चिकटपट्टी मारली आणि खोकं माळ्यावर पत्र्याखाली सरकवलं. सासूबाई खालून म्हणाल्या होत्या, "उन्हायामा पत्रा तापस, आठे नको ठेवू." बंद खोक्याला उन्हाने काय होणार, असं मला वाटलं. पुढच्या भाद्रपदात खोकं उघडलं, तर मेणबत्त्या वितळून पडद्यात मुरलेल्या, रबरबँड मोत्यांना चिकटून बसलेले, आणि माळांच्या वायरी एकमेकींत अशा अडकलेल्या की सोडवताना दोन बल्ब उपसून हातात आले. तो पडदा सासूबाईंच्या लग्नातल्या शालूचा होता.

त्या दिवशी त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यानंतरच्या वर्षांत मी त्यांच्याकडून, गावातल्या वायरमनकडून आणि शेजारच्या आजींकडून जे शिकत गेले ते इथे क्रमाने लिहिते आहे. नवं घर मांडलेल्या मुलींना आणि पहिल्यांदाच मंडळाचं सामान सांभाळायला मिळालेल्या पोरांना त्याचा उपयोग व्हावा.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. आरास ठेवण्याबद्दल मिळणारे बहुतेक सल्ले ओलाव्याचे असतात: हवाबंद डबा घ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. कोकणात ते ठीक आहे. आपल्याकडे भाद्रपदात ओल असते आणि वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. हवेचाच पारा तेवढा, तर पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. भाद्रपदाची ओल आत कोंडून हवाबंद केलेला डबा वैशाखात भट्टीसारखा तापला, की आतलं सामान हमखास जातं. म्हणून इथे आरास एकदा नाही, दोनदा बांधायची.

लागणारं सामान

- जुन्या सुती साड्या किंवा धोतरं, धुतलेली आणि बिनखळीची. गुंडाळायला तीच, आणि फाडून बांधायच्या पट्ट्याही त्यांच्याच.
- झाकणाची पत्र्याची पेटी. नसेल तर जाड पुठ्ठ्याची खोकी. रावेर, सावदा, यावल भागात केळीची खोकी सहज मिळतात आणि ती मजबूत असतात. त्यांना हवेसाठी भोकं असतात म्हणून आतून कापडाचं अस्तर लावायचं.
- पुठ्ठ्याचे तुकडे, माळा गुंडाळायला.
- वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे.
- मऊ ब्रश. रंगाचा नवा, कोरडा ब्रश चालतो.
- पांढऱ्या कापडाच्या चिंध्या आणि मार्कर, नावं लिहायला.
- एक वही.

रबरबँड, चिकटपट्टी आणि वर्तमानपत्र या तीन गोष्टी मी मुद्दाम यादीत घेतलेल्या नाहीत. रबर उन्हाने वितळतं आणि त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. चिकटपट्टीचा डिंक तपकिरी होऊन कापडावर उतरतो. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडाला आणि मुखवट्यांच्या रंगाला लागते.

१. उतरवायच्या आधी फोटो काढा

मखर उभं असतानाच समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो काढून ठेवा. मागचा फोटो सगळ्यात कामाचा, कारण कुठली काठी कुठे बांधली आणि वायर कुठून नेली ते तिथेच दिसतं. स्क्रू, नट, खिळे एका कापडी पुरचुंडीत घालून ती पुरचुंडी सांगाड्यालाच बांधा. वेगळ्या डब्यात ठेवलेले स्क्रू पुढच्या वर्षी सापडत नाहीत.

२. ओलं आणि चिकाचं त्याच दिवशी बाजूला काढा

विसर्जन झाल्यावर सगळे दमलेले असतात, हे मला कळतं. तरी मखर त्या रात्री तसंच सोडू नका. फुलं, दूर्वा, आंब्याची पानं, प्रसादाचे कण तेवढे तरी काढून घ्याच. झेंडूच्या पाकळ्या दाबल्या गेल्या की कापडावर पिवळे डाग सोडतात आणि गोडाच्या कणांवर रातोरात मुंग्या येतात. निर्माल्य तापी-गिरणेत टाकण्यापेक्षा अंगणातल्या खड्ड्यात पुरा, झाडांना खत होतं.

आता केळीचे खांब. आपल्याकडे सत्यनारायणापासून गणपतीपर्यंत केळीशिवाय मखर होत नाही, आणि नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो. वाळला की तपकिरी होतो, मग काळा पडतो, आणि एकदा बसला की कशानेच निघत नाही. केळीच्या बागेत कापणी करणाऱ्यांचे कामाचे कपडे पाहिलेत तर लगेच पटेल. म्हणून खांब काढताना आधी पडदे आणि झालर उतरवून घ्या, मगच खांबाला हात लावा. कापलेला बुंधा गोणपाटात गुंडाळून बाहेर न्या. कापडाला चीक लागल्याचा संशय जरी आला, तरी ते तेव्हाच साध्या पाण्यात बुडवा, वाळू देऊ नका. पुढच्या वर्षी खांब बांधतानाच बुंध्याभोवती गोणपाटाचा पट्टा आवळलात तर हा प्रश्नच येणार नाही.

३. भाद्रपदात खोकं बंद करू नका

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे.

गणपती उठतात तेव्हा पाऊस सरलेला नसतो. हवेत दमटपणा असतो, कापड हाताला कोरडं लागलं तरी आतून सर्द असतं. तेव्हा आवरलेलं सामान पेटीत घालून कुलूप लावलं की दिवाळीपर्यंत कापडावर काळे ठिपके पडतात, पुठ्ठ्याला वास येतो. त्यामुळे भाद्रपदातली बांधणी कच्चीच ठेवा. सुती कापडात सैल गाठोडं बांधून ते जमिनीपासून उंच, हवा लागेल अशा जागी ठेवायचं, बास.

दसरा झाला की ऑक्टोबरचं ऊन तापतं. त्या कडक, कोरड्या उन्हात गाठोडी सोडा. सुती कापड, पुठ्ठा, लाकडी काठ्या, पितळ, चौरंग या सगळ्याला दोन दिवस ऊन दाखवा. जरी, रेशीम, रंगीत कागद आणि प्लास्टिकची फुलं मात्र सावलीत, वाऱ्याला ठेवा. यांचा रंग उन्हाने उडतो.

पक्की बांधणी करायची ती त्रिपुरी पौर्णिमेनंतर. तोवर दिवाळी, तुळशीचं लग्न सगळं आटोपलेलं असतं, आकाशकंदील उतरलेला असतो, आणि थंडीची कोरडी हवा पडलेली असते. गणपतीचं आणि दिवाळीचं सामान तेव्हा एकदमच बांधता येतं. उतरत्या उन्हात तापलेलं सामान लगेच पेटीत भरू नका. घरात आणून रात्रभर निवू द्या, सकाळी भरा.

४. कापड: पडदे, झालर, शालू, गुढीचं वस्त्र

आधी झटका, मग डाग बघा, मग धुवा. कुंकू आणि गुलाल कोरडे असतानाच ब्रशने झाडून काढायचे. ओला हात लावला की रंग पसरतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेव्हा घाबरू नका. सुती कापड असेल तर धुवून उन्हात टाका, हळद उन्हाने उडते. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून मग धुवा. मेण सांडलं असेल तर ते पूर्ण कडक होऊ द्या, नखाने किंवा बोथट चमच्याने खरवडा, आणि राहिलेल्यासाठी वर-खाली जुना सुती कपडा ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण त्या कपड्यात उतरतं. सासूबाईंच्या शालूचा जेवढा भाग वाचला तो याच पद्धतीने वाचला. पाच-सहा वेळा कपडा बदलावा लागला.

ठेवायच्या कापडाला खळ किंवा स्टार्च देऊ नका. कसर आणि झुरळं खळीवरच येतात.

कापड जरीचं असेल तर आणखी काळजी हवी. जरीला डांबरगोळी लागली की ती काळवंडते, म्हणून त्या पेटीत डांबरगोळ्या नकोतच. प्लास्टिकची पिशवीही नको. मऊ सुती कापडात, जर आतल्या बाजूला येईल अशी सैल घडी घाला, किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर कापड गुंडाळून त्यावर ती गुंडाळा. घडी घातली असेल तर वर्षातून दोन-तीनदा घडी बदला. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी राहिली तर जर तिथेच तुटते. मला ते वेळ लागणारं काम वाटायचं. आता गुढीपाडव्याला गुढीचं वस्त्र काढते, तेव्हाच बाकीच्या घड्याही मोडून पुन्हा घालते.

५. लायटिंग

उतरवण्याआधी प्रत्येक माळ लावून बघा. बंद असेल ती तेव्हाच दुरुस्तीला द्या किंवा टाकून द्या. बंद माळ "पुढल्या वर्षी बघू" म्हणून चालू माळांत ठेवलीत, तर ऐन चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही सगळ्या माळा एकेक करून तपासत बसाल.

माळ हाताच्या कोपराभोवती गुंडाळायची सवय आपल्या सगळ्यांना असते. तिने वायरीला पीळ बसतो आणि बल्बच्या मुळाशी ती तुटते. त्याऐवजी वहीएवढा पुठ्ठा घ्या, त्याला दोन बाजूंना खाच पाडा, पिनेकडचं टोक पहिल्या खाचेत अडकवा आणि सैल हाताने गुंडाळत जा. शेवटी ॲडॉप्टर त्याच पुठ्ठ्याला सुती पट्टीने बांधा. ॲडॉप्टर आणि माळ यांची ताटातूट झाली आणि दुसऱ्याच व्होल्टचा ॲडॉप्टर लागला तर माळ जळते. पुठ्ठ्यावर लिहा: किती फूट, कुठला रंग, कुठे लावली होती. सेलवर चालणारे दिवे आणि माळा यांतले सेल काढल्याशिवाय ठेवूच नका. सेल आतून फुटून त्याचं पाणी बाहेर आलं की पट्ट्या गंजतात आणि दिवा कायमचा जातो.

थर्माकोलबद्दल एक गोष्ट वायरमनने मला दाखवली, ती तुम्हालाही सांगते. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, पण बऱ्याच घरांत जुनी कमान, जुनं मखर अजून असतं. त्यावर गुंडाळलेली वायर तशीच ठेवली की महिन्यांनी थर्माकोलमध्ये वायरीच्या आकाराची खाच पडलेली दिसते, जणू कुणी तापलेल्या तारेने कोरली आहे. वायरीचं आवरण मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, ते थर्माकोलमध्ये उतरतं. त्याने थर्माकोल विरघळतं आणि वायर कडक होऊन तडकते. तडकलेली वायर म्हणजे शॉक. तेव्हा दोन्ही वेगळं करा, आणि ज्या वायरीला आधीच तडे गेलेत ती कापून टाका. डांबरगोळीच्या वाफेनेही थर्माकोल आणि काही प्लास्टिकं मऊ पडतात.

६. पितळ आणि पणत्या

समई, निरांजन, घंटा यांवरचं तेल गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने आधी काढा. मग चिंच-मीठ. चिंचेचा अंश राहिला तर पितळ हिरवं पडतं, म्हणून भरपूर पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि उन्हात ठेवा. समईचे भाग सुटे करून वाळवा, आट्यांमध्ये पाणी राहतं. ज्या पितळेवर दुकानातूनच चकचकीत पॉलिश आलेलं असतं, त्याला चिंच लावू नका, ओल्या फडक्याने पुसणं पुरे.

पणत्या तेल पितात. तशाच ठेवल्या तर वर्षभर खवट वास आणि झुरळं. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून घासा, चार दिवस उन्हात वाळवा. रचताना प्रत्येक दोघींमध्ये कापडाची चिंधी घाला.

उरलेल्या मेणबत्त्या घरातल्या सगळ्यात गार जागी, फडताळाच्या खालच्या कप्प्यात, आडव्या ठेवा. आराशीच्या पेटीत कधीच नाही.

७. मुखवटे आणि देवाच्या वस्तू

इथे आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, मग हात लावा. प्रत्येक कुळाची रीत वेगळी असते. काही घरांत कानबाईचं (खान्देशात श्रावणात बसवतात त्या देवीचं) नारळ पिढ्यानुपिढ्या चालत आलेलं असतं, ते कुठे आणि कशात ठेवायचं हे ठरलेलं असतं. माझी सूचना एवढीच, की ते प्लास्टिकमध्ये बांधू नका. सुती किंवा रेशमी वस्त्रात, हवा खेळेल अशा जागी, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा. कानबाईचे दागिने, नथ, बांगड्या वेगळ्या डबीत, मऊ कापडात. त्या दिवशी लावलेलं हळदकुंकू दागिन्यांच्या नक्षीत अडकतं, तेही कोरड्या ब्रशने काढा.

महालक्ष्म्यांचे मुखवटे शाडूचे किंवा प्लास्टरचे असतील तर पाणी अजिबात लावू नका. ब्रशने धूळ काढा, नाक आणि कान यांना आधार मिळेल अशी मऊ कापडाची चुंबळ करून त्यावर, चेहरा वर करून, प्रत्येकीला वेगळ्या डब्यात ठेवा. डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात "वर" असं लिहा, म्हणजे कुणी उलटा ठेवणार नाही.

शेतकऱ्याच्या घरी पोळ्याचा साजही असतो. झुलीला बैलाचा घाम लागलेला असतो, ती न धुता ठेवली तर आरसे काळे पडतात आणि कापड कुजतं. घुंगरमाळेचा चामडी पट्टा ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, थोडं तेल चोळून ठेवा. शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्यांना समईचीच पद्धत.

८. जागा कुठली?

घराचा पोटमाळा हे आपलं पहिलं उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. एक साधी परीक्षा करा: मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या जागी पाच मिनिटं हात ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर जरीला, मेणाला, वायरीला आणि मुखवट्याच्या रंगालाही सोसणार नाही. पत्र्याच्या घरात माळ्यावर फक्त बांबू, लोखंडी सांगाडा, पितळ असलं दणकट सामान ठेवा. सिमेंटच्या घरातही वरच्या मजल्यावर स्लॅबला लागून असलेला सज्जा तापतोच.

जुनं धाब्याचं घर असेल तर तुम्ही नशीबवान. मातीचं धाबं आतून गार राहतं. तिथे भीती वाळवीची आणि वरून झडणाऱ्या मातीची. पेटी विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि वर जुनी चादर घाला.

नाजूक सामानासाठी माझ्या घरात ठरलेली जागा म्हणजे मधल्या खोलीतल्या पलंगाखाली, विटांवर ठेवलेली पत्र्याची पेटी. धान्याची कोठी रिकामी दिसली तरी तिच्यात आरास ठेवू नका. होळीनंतर नवा गहू आला की ती घाईघाईने मोकळी केली जाते आणि सामान मिळेल तिथे पडतं.

९. उंदीर आणि कीड

ज्वारी-कापूस निघून शेतं मोकळी झाली की उंदीर घराकडे वळतात, आणि नेमकी तेव्हाच आपली पक्की बांधणी झालेली असते. कापसाची वस्त्रमाळ, गव्हाच्या खळीने चिकटवलेली कागदाची फुलं, पुठ्ठा, हे त्यांना आवडतं. असलं सामान पत्र्याच्या पेटीतच हवं. गुळाचा, प्रसादाचा एक कणही आत जाऊ देऊ नका. पाडव्याचे साखरेचे हार शोभेचे म्हणून ठेवू नका, खाऊन टाका.

किडीसाठी गव्हात घालतो तोच कडुनिंबाचा पाला. सावलीत खडखडीत वाळवून कापडी पुरचुंडीत बांधा, सुटा टाकू नका, त्याचा चुरा जरीत शिरतो. सोबत वेखंडाचा तुकडा. दोन्हींचा वास काही महिन्यांत उतरतो, म्हणून घड्या बदलताना पुरचुंड्याही बदला. लहान मुलं असलेल्या घरात डांबरगोळ्या नकोतच, मुलं त्या गोळ्या समजून तोंडात घालतात.

१०. वही आणि आखाजीची फेरी

प्रत्येक पेटीला नंबर द्या, चिंधीवर लिहून कडीला बांधा. वहीत त्या नंबराखाली आतलं सामान, संख्येसकट लिहा: "तोरणं ४, माळा ६ (१ पिवळी तपासायची), स्क्रूची पुरचुंडी सांगाड्याला." शेजारी कुणाचं उसनं आणलेलं असेल ते नावासकट लिहा आणि आधी ते परत करा. मंडळाच्या सामानाची वही दोघांकडे असू द्या.

शेवटची फेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात, हाताशी माणसं असतात, आणि ऊन कळसाला पोचायला थोडा वेळ असतो. सगळ्या पेट्यांना वरून हात लावून बघा. तापलेली लागेल ती खाली, गार खोलीत हलवा. यंदा माझ्या नणंदेने दोन पेट्या माळ्यावरून उतरवल्या. त्यातल्या एकीत, कुणी आणि कधी ठेवला कोण जाणे, मेणबत्त्यांचा पुडा होता. वाकायला नुकती सुरुवात झाली होती.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याच्या आठ दिवस आधी पेट्या उघडा, म्हणजे काही बिघडलं असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो.